बेवारस तांबे

यंत्रावर रागावलेल्या मनुष्याइतके हास्यास्पद दृश्य जगात दुसरे नाही, असे माझे पुष्कळ वर्षांचे मत होते. साखळी निसटली म्हणून सायकलला लाथ मारणारे आणि शाई उतरत नाही म्हणून फाउंटनपेन टेबलावर आपटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मनातल्या मनात वडीलकीची कीवही बाळगली आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेबारा वाजता मी संगणकाच्या पडद्याला उद्देशून, “अरे गाढवा, एवढी जागा मोकळी पडली आहे, तिथे तांबे का घालीत नाहीस?” असे मोठ्याने म्हणालो, पलीकडच्या खोलीतून सौ.ने “कोणाशी बोलणे चालले आहे?” असे विचारले, आणि माझ्या त्या जुन्या मताचा त्याच क्षणी निकाल लागला. आता मी सायकलवाल्यांच्या पंक्तीत बसलो आहे.

संगणकात तांबे कसे घालतात, हा प्रश्न सौ.ने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारला. तो वाचकांच्याही मनात आला असेल, म्हणून तिला जे सांगितले तेच येथे थोडक्यात सांगतो. रेडिओ, टीव्ही, भ्रमणध्वनी, यांपैकी काहीही उघडले की आत एक हिरवी पाटी दिसते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. काचेचे तंतू आणि राळ यांची बनवलेली ही पाटी बहुधा १.६ मिलिमीटर जाड असते आणि तिच्या दोन्ही अंगांना तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. एक औंस तांबे एक चौरस फुटावर सारखे पसरले तर जेवढी जाडी येईल तेवढीच या पत्र्याची जाडी. म्हणजे सुमारे ३५ मायक्रॉन. पाहिजे तेवढे तांबे झाकून ठेवावयाचे, नको असलेले रसायनात विरघळवून टाकावयाचे, आणि जे उरेल त्याने तारांचे काम करावयाचे. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइसलर नावाच्या अभियंत्याने १९३६च्या सुमारास या रीतीने एक रेडिओ तयार केला, आणि दुसऱ्या महायुद्धात ही विद्या तोफगोळ्यांच्या फ्यूजपर्यंत जाऊन पोहोचली. शेवटी उघड्या तांब्यावर कथलाचा हात फिरवतात, तो ते गंजू नये आणि त्याला डाख चांगला लागावा म्हणून. हे ऐकून सौ. म्हणाली, “म्हणजे कल्हईच की!” मला इतकी सोपी उपमा सुचली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्या धातूवर मठारकामाचे ठोके पडतात, तोच धातू केसाइतका पातळ होऊन आपल्या खिशातल्या यंत्रात जाऊन बसला आहे, आणि कल्हई तिथेही सुटलेली नाही.

या उद्योगात मी पडलो तो हौसेने नव्हे. आईचे वय ८४. गेल्या चार-पाच वर्षांत तिचे कान हळूहळू मिटत गेले. डॉक्टरांनी दिलेले यंत्र तिने आठ दिवस वापरले आणि “कानात किडा वळवळतो आहे” असे सांगून कपाटातल्या खणात ठेवून दिले. ते अद्याप तेथेच आहे. तिची समजूत घालण्यात आम्ही हरलो. पुढे घरात एक गोष्ट घडली. ती इतक्या सावकाश घडली की, कोणाच्या लक्षातही आली नाही. आईशी बोलताना ओरडावे लागे, आणि ओरडून माणूस फक्त कामाचे तेवढेच बोलतो. “औषध घेतलेस का?” “जेवायला चल.” “दिवा बंद करू का?” एवढ्यावर आमचे संभाषण येऊन ठेपले. कोपऱ्यावरचे दुकान बंद झाले, जोश्यांच्या मुलीचे लग्न ठरले, मंडईत आज अमके महाग होते, या बिनकामाच्या गोष्टी ओरडून कोण सांगणार? आई खिडकीशी बसे. कोणी हसले तर तिकडे पाहून तीही थोडे हसे, आणि कशाला हसले असे विचारीत नसे.

एकदा मी जुन्या सामानातला एक माइक आणि हेडफोन जोडून तिच्या कानाला लावून पाहिला, तेव्हा ती दचकली; पण यंत्र काढ म्हणाली नाही. कानात काही घालावयाचे नाही, कानावर ठेवावयाचे, एवढा फरक तिला पुरेसा वाटला असावा. तेव्हा असा एक लहानसा डबा आपणच करावा असे मी ठरवले. डॉक्टरांना विचारून आवाजाला वरची मर्यादा घातली. माइकच्या मागे एक ट्रान्झिस्टर, त्याच्या मागे एलएम ३८६ ही आठ पायांची जुनी, स्वस्त आणि भरवशाची चकती, आणि ९ व्होल्टची बॅटरी. ही चकती आवाजाचा संदेश एरवी २० पट वाढवते. दोन पायांच्या मध्ये एक कपॅसिटर बसवला तर २०० पट. मी पहिला डबा तारा जोडून केला. त्यातून माझे शब्द ऐकू येत, पण त्यांच्यामागे सतत एक भुंगा गुणगुणत असे. घरातल्या विजेच्या तारांतून सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा प्रवाह माझ्या लांबलचक तारांवर आपला आवाज उमटवीत होता. आईने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “गिरणी सुरू आहे का रे कुठे?”

यावर उपाय पुस्तकातला आहे: तारा काढाव्या, सर्किट बोर्ड करावा, आणि त्याच्या एका अंगावर जेवढी जागा उरेल तेवढी सगळी तांब्याने भरून ते तांबे ‘ग्राउंड’ला जोडावे. ग्राउंड म्हणजे सर्किटातील सर्व प्रवाहांनी जेथे परत यावयाचे ती समान भूमी. ती रुंद असेल तर प्रवाहांना परतीची वाट सोपी होते आणि बाहेरचा गोंगाटही पुष्कळ अंशी अडतो. हा आराखडा आज कागदावर काढीत नाहीत. त्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम आहेत, आणि त्यांपैकी मी घेतला तो की-कॅड. १९९२ मध्ये ज्यां-पिएर शरास या फ्रेंच गृहस्थांनी तो लिहावयास घेतला. पुढे २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेने त्याला हातभार लावला. आणि आजही तो कोणालाही फुकट मिळतो. पुढे जे रामायण सांगणार आहे त्यात दोष त्या प्रोग्रॅमचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो माझा होता, आणि एकदा नव्हे, चार वेळा.

पहिल्या रात्री मी मोठ्या ऐटीत पाटीच्या कडेने एक आकृती काढली, तिचा थर तांब्याचा निवडला, आणि ‘भरा’ म्हटले. पाटी क्षणार्धात भरली. या प्रोग्रॅममध्ये वरच्या थराला तांबडा आणि खालच्या थराला निळा रंग असतो. माझी पाटी एकसंध निळी झाली. मला फार बरे वाटले. मग नियम तपासण्याची जी सोय असते तिला मी तपासावयास सांगितले, आणि तिने चुकांची जी यादी पुढे टाकली ती पडद्यावर मावेना. जेथे जेथे कोणत्याही घटकाचा पाय होता तेथे तेथे तांबे त्याच्या अंगावर चढले होते. बॅटरीची दोन्ही टोके एकमेकांना भिडली होती. कारण असे की, मी जे काढले ते नुसते चित्र होते. चित्राला कोणाची वाट सोडावयाची हे ठाऊक नसते. पुराच्या पाण्यासारखे ते देवळातही शिरते आणि गोठ्यातही. अडथळे पाहून, त्यांच्यापासून ठरलेले अंतर राखून जे पसरते, त्या तांब्याचे साधन निराळे आहे. त्याला झोन म्हणतात. दोन्हींची बटणे एकाच पट्टीवर असतात, आणि पुस्तक न वाचता काम सुरू करणाऱ्याला जवळचे बटण नेहमी बरोबर वाटते.

दुसऱ्या रात्री झोन काढला. हे तांबे मोठे सुसंस्कृत निघाले. प्रत्येक पायाभोवती आणि प्रत्येक रेघेभोवती नेमके अंतर सोडून ते पसरले. तपासनिसाने आता अंगावर चढल्याची एकही तक्रार केली नाही. पण ग्राउंडला जोडावयाच्या ज्या ज्या जागा होत्या त्यांच्यामध्ये बारीक पांढऱ्या रेषा तशाच ताणलेल्या राहिल्या. जे अजून जोडावयाचे आहे ते दाखवणाऱ्या या रेषांच्या जाळ्याला इंग्रजीत उंदराचे घरटे म्हणतात, आणि माझ्या पाटीवर उंदराचा संसार चांगला भरभराटीत होता. तांबे सर्वत्र, आणि जोडलेले काहीच नाही! मी माउस आपटला, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, चष्मा पुसला. शेवटी झोनच्या माहितीची चौकट उघडली, तेव्हा एका ओळीत काय घोटाळा आहे ते दिसले. हे तांबे कोणाचे, या प्रश्नापुढे मी काहीच लिहिले नव्हते.

तो क्षण माझ्या मनात राहिला आहे. आपल्याकडे शिलाहारांच्या आणि राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडतात. कडीत ओवलेले ते पत्रे उघडले की दाता कोण, दान कोणाला, आणि गावाच्या पूर्वेला काय, दक्षिणेला काय, अशी चतुःसीमा कोरलेली असते. सीमा आणि नाव, दोन्ही पाहिजेत. नुसती सीमा असली तर ती जमीन. नाव लागले म्हणजे ती कोणाची तरी जमीन. आजच्या सातबाराच्या उताऱ्यावरही पीक कितीही डोलत असले तरी तलाठी आधी नावच पाहतो. मी पाटीच्या चारी कडा काळजीपूर्वक आखल्या होत्या, पण मालकाचे नाव लिहिले नव्हते. म्हणून ते तांबे बेवारस होते. बेवारस तांबे सर्वांना सारखे अंतर ठेवून वागते, कोणाच्या अंगावर जात नाही, आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाही. प्रोग्रॅमला मी हट्टी म्हणत होतो. वस्तुतः तो अतिशय आज्ञाधारक होता. न सांगितलेली गोष्ट त्याने केली नव्हती, इतकेच.

ग्राउंडचे नाव दिले. ‘बी’ हे अक्षर दाबले, म्हणजे सर्व झोन नव्याने भरतात. आणि उंदराचे घरटे बरेचसे उडाले. येथे एक पोटदुखणेही सांगून टाकतो. घटक इकडचा तिकडे हलवला की आधी भरलेले तांबे जुन्याच आकारात दिसत राहते. ते आपोआप भरण्याची सोय मी चालू केली नव्हती, म्हणून कितीतरी वेळ मी कालच्या तांब्याकडे पाहून आजच्या चुका शोधीत बसलो होतो. आणखी एक गैरसमज असा की, ग्राउंडचे पाय तांब्याला पूर्णपणे मिळून न जाता चार बारीक काड्यांनी, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, जोडलेले दिसले. मला हा कंजूषपणा वाटला. पण त्याचे कारण मोठे शहाणपणाचे आहे. पाय चहूबाजूंनी तांब्यात बुडाला असता तर डाख लावताना कावीची सगळी ऊब ते विस्तीर्ण तांबे ओढून घेते, आणि सांधा कच्चा राहतो. जोडलेले असावे, पण थोडे अंतर राखून, हे घरातल्या थोरल्या माणसांना जे पुष्कळ उशिरा कळते ते त्या काड्यांना ठाऊक होते.

तिसरी रात्र ती गाढवाची. पाटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, नेमका माइकच्या बाजूचा, कोरा राहिला होता. जागा मोकळी, सीमेच्या आत, नाव दिलेले; तरी तांबे तिथे जाईना. मी झोन पुसून पुन्हा काढला. तीनदा. शेवटी मापे घेतली. चकतीचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात, आणि प्रत्येक पायाभोवतीची तांब्याची टिकली १.६ मिलिमीटर व्यासाची. म्हणजे दोन टिकल्यांच्या मध्ये ०.९४ मिलिमीटर फट. मी झोनला सांगितले होते की, प्रत्येकापासून ०.५ मिलिमीटर लांब राहा. दोन्हीकडे मिळून एक मिलिमीटर! ०.९४च्या दारातून एक मिलिमीटरचा सोवळेपणा सांभाळून कोण आत जाईल? पलीकडे जावयाच्या सगळ्या वाटा मी आखलेल्या रेघांनी आणि या पायांनी अडवल्या होत्या. तेव्हा पलीकडची जागा हे ग्राउंडपासून तुटलेले बेट ठरले; आणि बेट दिसले की ते काढून टाकावे, अशी त्या प्रोग्रॅमला मुळातच सूचना असते. ही सूचना अडाणीपणाची नाही. कशालाच न जोडलेला तांब्याचा तुकडा स्वस्थ पडून राहत नाही. आसपासचा गोंगाट गोळा करून तो शेजाऱ्यांना देत राहतो. म्हणून तो नसलेला बरा.

मी ते वाक्य दोनदा वाचले. रात्रीचा एक वाजत आला होता. आईच्या खोलीत दिवा होता. तिला झोप लागत नाही. आमच्या घरातही अशीच एक सूचना केव्हातरी दिली गेली होती, आणि ती देणारा मीच होतो. वाट अरुंद झाली म्हणून पलीकडचा भाग हिशेबातून वगळावयाचा, हे तांब्याच्या बाबतीत योग्य आहे. आम्ही ते माणसाच्या बाबतीत केले होते, आणि तेही न ठरवता. तिला ऐकू येत नाही असे म्हणत म्हणत. वास्तविक अर्धे खरे असे होते की, आम्ही सांगत नव्हतो. मी उठून तिच्या खोलीत गेलो. तिने “काय?” अशी मान हलवली. काय सांगावे ते मला सुचेना. मी तिच्या अंगावरचे पांघरूण उगीच नीट केले आणि परत आलो.

अंतर ०.५ चे ०.२५ केले. आता ०.९४ मधून ०.५ वजा जाता ०.४४ मिलिमीटर वाट मिळाली, आणि ‘बी’ दाबताच तांबे त्या फटींतून पलीकडे वाहत गेले. कोरी जागा भरली, उंदराचे घरटे नाहीसे झाले, तपासनिसाने चुका शून्य सांगितल्या. मी पाटी छापावयास धाडणार, इतक्यात रविवार आला आणि माझी पुतणी घरी आली. ती याच विषयातली अभियंता आहे. शून्याकडे बोट दाखवून मी शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

तिने पाटीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “काका, हेडफोनमधून गेलेला प्रवाह बॅटरीकडे कोणत्या वाटेने परत येतो?”

“कोणत्याही! सगळीकडे तांबेच आहे.”

“बोट ठेवून दाखवा ना.”

मी बोट ठेवले. हेडफोनच्या टोकापासून निघालो तो मोठ्या मैदानातून मजेत चाललो होतो. पण बॅटरी मी पलीकडे, माइकच्या अंगाला बसवली होती, आणि तिकडे जाण्यास त्या फटींखेरीज दुसरे दार नव्हते. फटीतून पुढे जावे तो दोन लांब रेघांच्या मध्ये सापडलेली, अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद अशी सुमारे चार सेंटिमीटरची बोळकंडी. ती संपते तेथे माइकचा पाय! नगरातली सगळी रहदारी मी एका बोळातून काढली होती, आणि त्या बोळाच्या तोंडाशी कान देऊन ऐकणाऱ्या माणसाला बसवले होते.

“हे जोडलेले आहे,” ती म्हणाली, “म्हणून तपासणीत चूक निघत नाही. पण ते नुसते जोडलेले आहे.”

मग तिने कागदावर हिशेब मांडला. ३५ मायक्रॉन जाड तांब्याच्या कोणत्याही चौरस तुकड्याचा रोध, तो लहान असो की मोठा, सुमारे अर्धा मिलिओहम. त्या बोळात असे नव्वद चौरस एकापुढे एक बसतात. म्हणजे सुमारे ४५ मिलिओहम. हेडफोनचा ३० मिलिअँपिअर प्रवाह त्यातून गेला तर सव्वा मिलिव्होल्टहून अधिक दाब माइकच्या पायाशी नाचेल. समोर बसून कोणी सावकाश बोलले तर माइक जेवढा संदेश देतो, तो याहून कितीतरी लहान असतो. डब्याला मग बाहेरचे माणूस ऐकू येणार नाही. तो आपलाच आवाज ऐकेल, तो वाढवील, वाढवलेला पुन्हा ऐकेल, आणि शेवटी शिट्टी मारील. असे लोकही मी पाहिले आहेत, पण ते असो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती, आणि ती तांब्याची नव्हतीच, मांडणीची होती. हेडफोन आणि बॅटरी एका कडेला, माइक दुसऱ्या कडेला. ज्या दोन रेघांनी मैदान चिरले होते त्या वरच्या थरावर नेल्या. खालचे तांबे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड झाले. आता रहदारी आपल्या बाजूने परत जाईल आणि माइकच्या अंगणात येणार नाही. मी तीन रात्री तांब्याशी भांडत होतो. पण तांबे जाते कोठे हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या सगळ्या मी तांबे ओतण्याआधीच करून बसलो होतो. पुतणी जाताना म्हणाली, “तांबे शेवटी घालतात, काका, पण त्याचा विचार पहिल्यांदा करायचा.” तिला हे कोणी शिकवले असे विचारले, तेव्हा ती हसली. एक पाटी अशीच बिघडल्यावर, म्हणाली.

पाट्या आठवड्याने आल्या, पाच. एक मागवली तरी पाच येतात. मी एकीवर घटक बसवले आणि आईच्याच पितळी पानाच्या डब्यात ती घातली. दात गेल्यापासून तो डबा रिकामाच होता, आणि धातूचे आवरण ग्राउंडला जोडले म्हणजे उरलासुरला भुंगाही बाहेर राहतो. डबा ओळखून आईने माझ्याकडे संशयाने पाहिले. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला, बटण फिरवले, आणि आता पहिले वाक्य काय बोलावे याचा विचार करू लागलो. मनात काहीतरी चांगले योजून ठेवले होते.

आईने हात वर करून मला गप्प केले. मान तिरकी करून ती ऐकत राहिली.

“अरे,” ती म्हणाली, “मोरीतला नळ गळतो आहे. कधीपासून?”

नळ दोन महिने गळत होता. आम्हा कोणालाही तो ऐकू येत नव्हता. सौ. दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, “बोलवते हो आई, उद्याच प्लंबरला,” आणि आईने तिच्याकडे वळून “उद्या नको, आज” म्हटले, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण सौ. ओरडली नव्हती.

संध्याकाळी मी मंडईतून आलो. पिशवी ठेवली, आईसमोर बसलो, आणि कोथिंबिरीची जुडी तीस रुपयांना मिळाली असे नेहमीच्या आवाजात सांगितले. तिचा विश्वास बसेना. तीस रुपयांत काय काय येत असे, कोणत्या वर्षी येत असे आणि भाजीवाल्याने मला कसे ओळखून फसवले, यावर ती चांगली पाऊण तास बोलत होती, बॅटरी संपेपर्यंत.